चित्रपटकार आणि वारल्यांचा चौक

मुंबईहून उत्तरेस जाणारी उपनगरी गाडी विरार सोडून वैतरणेच्या खाडीवर आली, की प्रवाशाच्या डोळ्यांपुढील देखावा एकाएकी पालटतो. इमारतींची दाटी सरते, मिठागरे व भातखाचरे दिसू लागतात आणि पूर्वेस सह्याद्रीच्या निळसर रांगा उभ्या राहतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्थानके एकामागून एक येतात. २०१३ साली ही उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे अनुबोधपट काढू इच्छिणारा एखादा चित्रपटकार सकाळी मुंबईत चहा घेऊन निघाला, तर दुपारच्या आत तो आपला कॅमेरा येथील एखाद्या पाड्यावर उभा करू शकतो. मात्र पाड्यावर पोहोचणे आणि तेथील कला दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस काही तास पुरतात. दुसरीस किती काळ लागावा, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते.

असा चित्रपटकार बहुधा रंगांच्या शोधात येतो आणि रंगांच्या बाबतीत हा प्रदेश त्याला निराश करीत नाही. पालघरच्या पश्चिमेस सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले कोळ्यांचे गाव आहे. तेथील बंदरात निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तांबड्या पट्ट्यांनी रंगविलेल्या होड्या आणि त्यांवरील फडफडणारी निशाणे पाहिली, म्हणजे कोणाही छायाचित्रकाराचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जावा. पूर्वेकडील डोंगराळ भागात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाड्याचा उत्सव होतो. देवांचे व दानवांचे मोठमोठे रंगीत मुखवटे धारण करून सोंगे रात्री वाद्यांच्या तालावर नाचतात. उजेड-अंधाराच्या त्या खेळात मुखवट्यांवरील तांबडा आणि पिवळा रंग जणू पेट घेतो. आणि बोईसर-तारापूरची गोष्ट तर आणखी निराळी आहे. १९६९ साली वीज निर्माण करू लागलेल्या अणुकेंद्रामुळे तारापूरचे नाव देशभर झाले. त्याच्या जवळच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने, कापड यांच्या जोडीला कृत्रिम रंगद्रव्येही तयार होतात. शहरातील घराघरांतून जे रंगीत कापड वापरले जाते, त्याच्या रंगाचे मूळ अशाच कारखान्यांत असते.

इतके रंग डोळ्यांत साठवून हा चित्रपटकार जेव्हा डहाणू किंवा तलासरी तालुक्यातील वारली पाड्यावर जातो आणि लग्नघराच्या भिंतीपुढे उभा राहतो, तेव्हा तो प्रथम गोंधळतो. ज्या चित्रांची कीर्ती परदेशांपर्यंत गेली, ती चित्रे त्याच्या पुढे असतात आणि त्यांत रंग असा एकच असतो, पांढरा. भिंतीला गेरूचा तांबूस लेप. त्यावर तांदळाच्या पिठाच्या बारीक रेषा. कोठे हळदीचा एखादा पिवळा ठिपका, कोठे कुंकवाचा तांबडा. बाकी सारे पांढरे. होडीवर चार रंग, मुखवट्यावर पाच, आणि येथे, जेथे कलेचा कळस असावा, तेथे एवढी काटकसर का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी मराठी चित्रपटसृष्टीतील एक जुना प्रसंग आठवणे उपयुक्त ठरेल. प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ हा बोलपट काढला, तेव्हा तो रंगीत करावा अशी जिद्द धरली. त्या वेळी आपल्या देशात रंगीत चित्रपट धुण्याची व छापण्याची सोय नव्हती. म्हणून शांताराम १९३३ साली तो चित्रपट घेऊन जर्मनीस गेले. एवढा प्रवास, एवढा खर्च करूनही पडद्यावर उतरलेले रंग भडक आणि अस्वाभाविक निघाले व प्रयोग फसला. तथापि जर्मनीतील वास्तव्य वाया गेले नाही. तेथील स्टुडिओंत छायाप्रकाशाच्या योजनेचा जो अभ्यास झाला, त्याचे फळ १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये दिसले, आणि तो चित्रपट कृष्णधवल होता. रंगाकडे ते पुन्हा वळले आणि यशस्वी झाले ते १९५५ साली, ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटात. मधल्या बावीस वर्षांचा धडा असा, की रंग मिळाला म्हणजे चित्र मिळाले असे होत नाही. थोड्या साधनांवर पूर्ण हुकमत असणे ही आधीची पायरी आहे. वारली स्त्री ही पायरी फार पूर्वीच चढलेली आहे.

तिची साधने पाहावी. वारल्यांचे जुन्या पद्धतीचे घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे असते. कुडाला शेण-माती लिंपून भिंत करतात व चित्रापुरती जागा गेरूने सारवून घेतात. तांदूळ वाटून पाण्यात कालवला, त्यात थोडा डिंक घातला, की रंग तयार. बांबूची बारीक काडी टोकाशी चावून मऊ केली, की कुंचला तयार. यांतील एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. गेरू जमिनीचा, शेण गोठ्यातले, काडी रानातली आणि तांदूळ स्वतःच्या शेतातला. ज्या घरात वर्षाचा भात जेमतेम पुरतो, त्या घरात तांदळाची रेषा ओढणे म्हणजे मुखातला घास भिंतीला देणे होय. त्या पांढऱ्या रंगाचे मोल बाजारातल्या रंगाच्या डब्यावरून करता येणार नाही.

हे चित्र केवळ शोभेसाठी काढलेले नसते, ही गोष्ट चित्रपटकाराने सर्वप्रथम ध्यानी घेतली पाहिजे. त्याचे नाव ‘चौक’. चौक हा विवाहविधीचा एक भाग आहे. लग्नघरी सवाशिणी एकत्र जमून तो लिहितात. ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ असेच म्हणण्याचा प्रघात आहे. धवलेरी ही वारल्यांच्या विवाहातील स्त्री-पुरोहित. ती गीते गाते आणि त्या गीतांच्या संगतीत लग्न लागते. चौकोनाच्या चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या असतात आणि मधोमध पालघाट देवी विराजमान होते. ती सुफलतेची, वाढीची देवता. तिच्या साक्षीवाचून विवाह पुरा मानीत नाहीत. भोवती सूर्य, चंद्र, झाडे, शिडी, फणी, घोड्यावर बसलेली नवरा-नवरी अशी चित्रे येतात. देवचौक म्हणून दुसरा, लहान चौक असतो. त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव दाखवितात. लग्न आटोपले, म्हणजे चौकाचे काम संपले. पुढे तो धुराने काळवंडतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि पुढच्या सारवणाखाली नाहीसा होतो. त्याबद्दल कोणी हळहळत नाही. पुढील लग्नात दुसरा चौक लिहिला जाणारच असतो.

आता त्या रेषांकडे चित्रपटकाराच्याच दृष्टीने पाहू. माणूस कसा दाखविला आहे? टोकाला टोक जुळविलेले दोन त्रिकोण, वर एक लहानसे वर्तुळ, आणि हातापायांच्या काटकुळ्या रेषा. नाक नाही, डोळे नाहीत, चेहऱ्यावरचा भाव नाही. शहरातला प्रेक्षक याला प्राथमिक अवस्थेतील चित्रकला समजून मोकळा होतो. परंतु ते दोन त्रिकोण ज्या एका बिंदूत मिळतात, तो बिंदू म्हणजे कंबर. आणि कंबर इतकी बारीक असल्यामुळे वरचा त्रिकोण खालच्यावर हवा तसा झुकविता येतो. थोडा पुढे कलला, की माणूस भात लावू लागतो. अधिक वाकला, की ओझे उचलतो. मागे रेलला, की जाळे ओढतो. भाव चेहऱ्यावर नसून सबंध शरीराच्या कलण्यात असतो. मूकपटाच्या काळात नटांना जे कष्टाने शिकावे लागले, ते या आकृतींच्या घडणीतच आहे.

तारप्याचा नाच हे याचे उत्तम उदाहरण. तारपा हे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचे पान यांपासून बनविलेले फुंकून वाजविण्याचे वाद्य आहे. भाताची कापणी झाल्यावर रात्रीच्या वेळी वादक मध्ये उभा राहतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्या भोवती नागमोडी साखळी धरतात. वादक वळला, की साखळी वळते. तारप्याकडे पाठ करायची नाही हा नेम. भिंतीवर हा नाच शंखाच्या वळशासारखा काढतात. चित्रकार जमिनीवर उभी राहून नाच पाहते आहे, असे त्यात दिसत नाही. जणू ती वरून, आभाळातून सारे रिंगण एकदम पाहते, आणि त्याच वेळी प्रत्येक नाचणाऱ्याची आकृती मात्र समोरून पाहते. कॅमेऱ्याला या दोन दृष्टी साधायच्या, तर दोन निरनिराळी दृश्ये घेऊन ती जोडावी लागतात. तांदळाची रेषा ते काम एकाच दृश्यात करते.

बाहेरच्या जगाला या कलेचा परिचय बराच उशिरा झाला. १९४५ साली के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा इंग्रजी ग्रंथ निघाला, तेव्हा शहरातील वाचकांपुढे या जमातीची माहिती आली. परंतु त्याच वर्षी वारल्यांचे नाव दुसऱ्या, अधिक गंभीर कारणाने सर्वत्र पोहोचले. सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध त्यांनी उठाव केला. त्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास लिहिला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. त्या काळी ‘लग्नगडी’ या नावाची एक रूढी होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि त्याच्या फेडीसाठी नवऱ्याने, बरोबर त्याच्या बायकोनेही, वर्षानुवर्षे गुलामासारखे राबावे, अशी ती रीत. म्हणजे ज्या लग्नासाठी सुफलतेची देवी भिंतीवर येई, तेच लग्न त्या जोडप्याच्या पायांत बेडी घालीत असे. हे ठाऊक नसता चौकातील घोड्यावर बसलेली नवरा-नवरी पाहणे म्हणजे अर्धेच चित्र पाहणे होय. तरीही त्या स्त्रियांनी चौक लिहिणे सोडले नाही.

कलेच्या दृष्टीने या चित्रांकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः भास्कर कुलकर्णी या चित्रकारास दिले पाहिजे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले होते. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तेथील स्त्रियांना त्यांनी कागद पुरविला. चित्रे विकली गेली आणि उपासमारीत सापडलेल्या घरांना आधार मिळाला. त्यानंतर १९७०-८० च्या दशकाच्या आरंभी ते डहाणूकडील वारली पाड्यांवर आले. मिथिलेत कागद हाती घेणाऱ्या स्त्रिया होत्या. येथे मात्र पुढे आला तो एक पुरुष, गंजाड गावचा जिव्या सोमा म्हसे.

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आई वारली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचा गेली. जे सांगायचे ते तो धुळीत बोटाने रेघा ओढून सांगू लागला. पुढे बोलणे परत आले, पण रेघ सुटली नाही. विधी असो वा नसो, रोज चित्र काढावे, हा त्यांचा छंद समाजात नवा होता. कुलकर्णींनी तो हात ओळखला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील मोठ्या प्रदर्शनात स्थान आणि २०११ साली पद्मश्री असा त्यांचा मान वाढत गेला. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने त्यांचे प्रदर्शन झाले. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे पाहावे: हजारो सूक्ष्म रेघांचे ते जाळे कापडावर असे पसरते, की पाणी न रंगविताही पाण्याची हालचाल दिसते. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या यशाचा आनंद मानीत असता एक हिशेब नजरेआड होऊ देता कामा नये. कला भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा तिला आयुष्य लाभले, बाजार लाभला, आणि अनेक घरांची चूल पेटू लागली. पण कागदाखाली सही आली आणि ती सही बहुतांशी पुरुषांची होती. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हा वारसा सांभाळला, त्यांची नावे कोठेच लिहिलेली नव्हती. कारण चौकावर सही करण्याची चाल नाही. तो देवीचा असतो. पुढे याच आकृती कपबशांवर, साड्यांवर, दिवाणखान्यांच्या भिंतींवर छापल्या जाऊ लागल्या. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले खरे; परंतु अशा नोंदणीने प्रदेशाचे नाव राखले जाते, काडी धरणाऱ्या हाताचे नाव कळत नाही.

येथेच चित्रपटकाराचे खरे काम सुरू होते आणि त्याची खरी कसोटीही येथेच लागते. जे काम कागद करू शकला नाही, ते कॅमेरा करू शकतो. कागदावर केवळ पुरी झालेली आकृती येते. चित्रपटात ती आकृती उमटण्याचा काळ येतो. धवलेरीचे गाणे, सवाशिणींचे आपापसांतील बोलणे, एकीने ओढलेली रेघ दुसरीने पुढे नेणे, मुलीने आजीच्या हाताकडे टक लावून पाहणे, हे सारे चौकाचेच अंग आहे, आणि त्याची नोंद चलच्चित्रावाचून दुसरे कोणतेही साधन पुरतेपणी करू शकत नाही.

परंतु यासाठी धीर पाहिजे. तांदळाच्या पिठाची रेघ ओढल्याबरोबर पांढरी दिसत नाही. ओली असताना ती गेरूत जवळजवळ लपून जाते. पाणी सुकू लागले, की हळूहळू वर येते आणि पुरी वाळल्यावर लख्ख होते. घाईने आलेला माणूस हात फिरताना टिपतो आणि रेघ फिकी आहे अशी तक्रार करीत निघून जातो. शिवाय कुडाच्या घरात उजेड बेताचा. तेथे झगझगीत दिवे लावले, तर पांढरा रंग डोळ्यांत घुसतो आणि गेरूची ऊब नाहीशी होते. दारातून तिरकस येणारा उजेड धरून, सकाळपासून दुपारपर्यंत एकाच जागी थांबणारा कॅमेराच ती रेघ उमलताना पाहू शकतो.

याहून अवघड प्रश्न शिष्टाचाराचा आहे. चित्रीकरणाची तारीख ठरलेली असते, लग्न नसते. तेव्हा ‘आमच्यासाठी एक चौक काढून दाखवा’ अशी मागणी करण्याचा मोह होतो. चार पैसे मिळत असल्यास पाड्यावरील बायका नाही म्हणणार नाहीत. पण लग्नावाचून लिहिलेल्या चौकात देवीने कोणासाठी यावे? नाच, शेती, जाळे, जत्रा यांची चित्रे कोणत्याही दिवशी काढता येतात; ती तशी काढून घ्यावी व त्यांचा योग्य मोबदला द्यावा. चौकासाठी मात्र लग्नसराईची वाट पाहावी, घरच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि जेथे थांबा म्हटले तेथे कॅमेरा बंद करावा. अशा संयमाने एखादे सुंदर दृश्य हातचे जाते हे खरे. पण त्याच संयमामुळे उरलेल्या दृश्यांत खोटेपणा शिरत नाही.

काळ थांबलेला नाही. कुडाच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. पाड्यावरची तरुण मुले-मुली रोज सकाळी बोईसरच्या कारखान्यांकडे कामास जातात. पक्क्या भिंतीवर लग्नापुरता गेरूचा चौकोन सारवून त्यात चौक लिहिल्याचे दिसते. सिमेंटवर गेरू नीट धरत नाही, रेघेचे पापुद्रे निघतात. तरी चौकोन सारवला जातो. ही आजची भिंतदेखील अनुबोधपटात आली पाहिजे. केवळ कुडाचे घर शोधून, विजेची तार आणि फटफटी चौकटीबाहेर ठेवून काढलेला चित्रपट पाहणाऱ्यास सुखावील, पण तो पाड्यावरच्या माणसांस आपला वाटणार नाही.

चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावली येते. तीत छायाचित्रकार, ध्वनिलेखक, संकलक यांची नावे क्रमाने झळकतात. पालघरकडून परतणाऱ्या चित्रपटकाराने त्या यादीत धवलेरीचे व प्रत्येक सवाशिणीचे नाव, तिची संमती असल्यास, गावासह घालावे. आणि मुंबईतील रसिकांना चित्रपट दाखविण्यापूर्वी एका संध्याकाळी पाड्यावरच पांढरा पडदा बांधून तो दाखवावा. आपल्या आजीचा हात पडद्यावर फिरताना आणि ओली रेघ हळूहळू पांढरी होताना तेथील मुले पाहतील. त्यांतील एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी काडी चावून मऊ करू लागली, तर तो प्रवास कारणी लागला असे समजावे.